बारावीतल्या लेकीचा 'चान्स' किती? अमेरिकेची विद्यापीठं आणि आमच्या घरातले तीन पक्ष

मंजिरी_बडोदे | २२ सप्टेंबर २०२४, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. सहा वर्षं इथे वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. चुकलं तर सांभाळून घ्या.

लेक बारावीला आहे. सीबीएसई, बडोद्यातच. दहावीला ९७ टक्के, अकरावीला ९४. एसएटी (अमेरिकेतल्या प्रवेशासाठीची परीक्षा) १६०० पैकी १५३०. फिजिक्स ऑलिंपियाडची पहिली पायरी पार करून दुसऱ्या परीक्षेला बसली, पुढच्या कॅम्पला निवड झाली नाही. तबल्याच्या चार परीक्षा झाल्यात. तिला फिजिक्सच करायचंय आणि तेही अमेरिकेत. तिच्या यादीत एमआयटी, प्रिन्स्टन, येल वगैरे सगळी नवसाची दैवतं आहेत. आम्ही दोघं नोकरदार, त्यामुळे जवळजवळ पूर्ण आर्थिक मदत मिळाली तरच जाणं शक्य.

घरात तीन पक्ष पडलेत. न्यूजर्सीचे दीर म्हणतात, "वहिनी, डोळे झाकून भरा, होतंय." नवरा म्हणतो, आयआयटीचा क्लास ऐन भरात असताना हे भिकेचे डोहाळे कशाला? सासूबाई रोज पक्ष बदलतात.

गेल्या रविवारी अलकापुरीतल्या एका कन्सल्टंटकडे जाऊन आलो. त्यांनी मार्क टाकले आणि स्क्रीन आमच्याकडे वळवला. हिरव्या अक्षरात 'प्रवेशाची शक्यता ७८%'. पॅकेज साडेचार लाख. हा आकडा आला कुठून, असं विचारलं तर म्हणाले, "मॅडम, आमचं एआय आहे."

माझा प्रश्न एवढाच: एका मुलीचा चान्स असा खरंच काढता येतो का? येत असेल तर कसा? येत नसेल तर मग माणसं ठरवतात कशावर?

रिकामटेकडा | २२ सप्टेंबर, रात्री १०:५२

७८ टक्के चान्स तर मला सणासुदीला बडोदा-मुंबई तत्काळ तिकिटाचाही नसतो.

सुरसागर | २२ सप्टेंबर, रात्री ११:०५

हिरवा रंग होता म्हणजे झालंच. लाल असता तर पॅकेज सात लाखांचं असतं.

आकडेमोड | २३ सप्टेंबर, सकाळी ७:१५

मंजिरीताई, आधी थोडे आकडे घ्या, मग बोलू.

यंदा हार्वर्डला ५४ हजारांवर अर्ज आले आणि १९३७ जणांना होकार गेला. म्हणजे ३.६ टक्के. एमआयटीचा एकंदर दर साडेचारच्या आसपास असतो, पण त्यात अमेरिकन मुलंही आली. फक्त परदेशी अर्जदार घेतले तर तो दोनच्या आसपास उतरतो. बाहेरच्या मुलांना तिथे जागाच मोजक्या आहेत.

आता गंमत बघा. समजा लेकीने २० ठिकाणी अर्ज केले (कॉमन ॲप, म्हणजे एकच अर्ज अनेक विद्यापीठांना पाठवायची साइट, तिथे २० चीच मर्यादा आहे) आणि प्रत्येक ठिकाणी चान्स ५ टक्के धरला. एकाही ठिकाणी न होण्याची शक्यता म्हणजे ०.९५ चा विसावा घात, सुमारे ३६ टक्के. म्हणजे कुठेतरी एका ठिकाणी होण्याची शक्यता ६४ टक्के! कन्सल्टंटने ७८ बहुधा असाच काढला असावा. तेव्हा भरपूर ठिकाणी भरा.

चिकू_इन_बॉस्टन | २३ सप्टेंबर, सकाळी ७:४८

आकडेमोडदादा, चूक. वीस वेगवेगळे फासे टाकले तर हे गणित बरोबर. इथे फासा एकच आहे आणि तो वीस जणांना दाखवायचाय. तेच मार्क, तोच निबंध, शाळेचं तेच पत्र. पहिल्या दहांना जे खटकलं ते अकराव्यालाही खटकणार. पुन्हा वीस ठिकाणी भरायचं म्हणजे प्रत्येकाचे वेगळे छोटे निबंध असतात. पंधराव्यापर्यंत पोरगी 'आपल्या विद्यापीठातील वैविध्यपूर्ण वातावरण मला भावते' असं लिहायला लागते. स्वानुभव आहे.

मीही बडोद्याचाच, वाडीतला. सात ठिकाणी भरलं होतं, सहा नकार. सातवं नाव इथे कुणाला माहीत नसेल, पण आज पगार तेच देतंय.

आकडेमोड | २३ सप्टेंबर, सकाळी ८:०२

मान्य. घात काढायच्या नादात ते विसरलो. ६४ मागे घेतो.

पागेवाला | २३ सप्टेंबर, सकाळी ९:३०

स्पष्ट बोलतो, राग मानू नका. या सगळ्या प्रकाराला मी लॉटरीच म्हणतो. आपल्याकडे निदान गुणवत्ता यादी लागते. यंदा जेईई ॲडव्हान्स्डचे दोन्ही पेपर १,८०,२०० मुलांनी दिले, ४८,२४८ पात्र ठरली, आयआयटीच्या जागा १७,७४०. रँक हातात आला की जोसाच्या (आयआयटीच्या जागावाटपाच्या) साइटवर मागच्या वर्षीची क्लोजिंग रँक, म्हणजे प्रवेश मिळालेला शेवटचा रँक, बघा, कुठली ब्रांच, कुठलं आयआयटी, पाच मिनिटांत समजतं. मुलींसाठी २०१८ पासून जादा जागाही आहेत. गांधीनगर दोन-अडीच तासांवर. रविवारी डबा पोचवता येतो.

तिकडे काय? कुणीतरी गोरा माणूस पोरीचा निबंध वाचून ठरवणार, ही 'इंटरेस्टिंग' आहे की नाही. आपली पोरं काय प्रदर्शनातल्या वस्तू आहेत?

कडू_कारलं | २३ सप्टेंबर, सकाळी ९:४४

पागेवाल्यांना अनुमोदन. त्यात तिकडे बापाने देणगी दिली, आजोबा तिथे शिकले, पोरगा वल्हं चांगलं मारतो, यावरही प्रवेश होतात. आपल्या पोरांनी विश्वामित्रीत वल्हं मारायचं म्हटलं तर मगरी आहेत.

चिकू_इन_बॉस्टन | २३ सप्टेंबर, सकाळी १०:१०

सगळीकडे नाही हो, कारलंकाका. आजोबांच्या नावाचा वशिला एमआयटीत चालत नाही. पण इतर बऱ्याच ठिकाणी चालतो, तेवढं खरं. आणि सोमवारी सकाळी बडोद्यात कुणालाच काम नाही का?

रिकामटेकडा | २३ सप्टेंबर, सकाळी १०:१२

आयडी बघा माझा.

अनघा_एडिसन | २३ सप्टेंबर, सायंकाळी ६:२०

मोठा प्रतिसाद आहे, चहा घेऊन बसा.

मी ज्या विद्यापीठात शिकले (नाव नको), त्यांच्यासाठी माजी विद्यार्थिनी म्हणून अकरा वर्षं अर्जदारांच्या मुलाखती घेते. विनावेतन. आम्हाला मार्क, एसएटी, निबंध काही दाखवत नाहीत. नाव, शाळा, पत्ता, बस्स. पाऊण तास गप्पा मारायच्या आणि दोन परिच्छेद लिहून पाठवायचे.

मला वहीत नोंदी ठेवायची सवय. 'ही नक्की' वाटली तर नावापुढे टिंब. आत्तापर्यंत ४३ मुलं झाली. टिंबं नऊ. होकार तिघांना आणि त्यात टिंबवालं एकच! एक तर इतका बुजरा मुलगा होता की मी त्याच्याबद्दल धड एक परिच्छेद लिहू शकले नव्हते. त्याला घेतलं. पुढे कळलं की तो भावंडांना सांभाळून रात्री दुकानात काम करायचा आणि तेवढ्यात गावातल्या जुन्या घड्याळाचं यंत्र त्याने एकट्याने दुरुस्त केलं होतं. मला हे बोललाच नाही. शिक्षकांच्या पत्रात होतं म्हणे.

सांगायचं कारण, पाऊण तास समोर बसवूनही मला जे जमत नाही, ते कन्सल्टंटच्या स्क्रीनला जमत असेल तर मला त्याचा नंबर द्या.

पागेवाले भाऊ, तुमचा 'लॉटरी' शब्द मात्र अर्धाच पटतो. लॉटरीत तिकिटं सारखी असतात. इथे आधी चाळणी लागते: अभ्यास झेपेल का, पत्रं खरी वाटतात का. मुलं तिथे गळतात आणि ती का गळली ते बरेचदा सांगताही येतं. पण चाळणीवर जी उरतात ती जागांच्या कितीतरी पट असतात. त्यांतलं हे का आणि ते का नाही, हे बाहेरून कुणालाच कळत नाही. वर्गात ओबो वाजवणारा पदवीधर झाला म्हणून या वर्षी दुसरा हवा असतो, अशातली गत.

म्हणून मी ओळखीच्या मुलांना 'किती टक्के' सांगतच नाही. 'चाळणीवर राहशील असं वाटतं' किंवा 'राहणार नाहीस', एवढंच सांगते.

मंजिरी_बडोदे | २३ सप्टेंबर, रात्री ९:१५

अनघाताई, नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवलं. 'ओबो म्हणजे काय' एवढंच विचारलं त्याने.

मग आमची पोर चाळणीवर राहील का?

मांडवीचा_महेश | २३ सप्टेंबर, रात्री ९:३१

ओबो म्हणजे सनईची गोरी मावसबहीण.

करिअर_मित्र_९९ | २३ सप्टेंबर, रात्री ११:५८

[जाहिरात असल्याने मजकूर काढला आहे. - व्यवस्थापक]

सुरसागर | २४ सप्टेंबर, सकाळी ६:४०

काढायच्या आधी वाचला होता मी. '१००% गॅरंटीड, मेसेज करा'. ७८ वाल्यांनी शरमेनं मान खाली घालावी.

चिकू_इन_बॉस्टन | २४ सप्टेंबर, सकाळी ८:२०

ताई, काही कामाचं सांगतो. कन्सल्टंट हे फुकट सांगत नाहीत.

बहुतेक विद्यापीठं दरवर्षी 'कॉमन डेटा सेट' नावाचा कागद साइटवर टाकतात. विद्यापीठाचं नाव आणि हे तीन शब्द गूगलवर टाका, पीडीएफ सापडेल. त्यात सी-७ नावाचा तक्ता असतो: मार्क, परीक्षा, निबंध, पत्रं, स्वभाव, वशिला, यातल्या कशाला किती वजन, ते खुणा करून दिलेलं. एमआयटीच्या तक्त्यात 'अतिशय महत्त्वाचं' या रकान्यात स्वभाव आहे. सी-९ मध्ये तिथे घेतलेल्या मुलांच्या एसएटी मार्कांचे पट्टे. एमआयटीत गणिताचा मधला पट्टा ७८० ते ८००. लेकीचे गणितात किती? ७७० च्या वर असतील तर तो प्रश्न मिटला, आता आणखी दहा मार्कांसाठी परत परीक्षा देऊ नका.

आणि तुमच्यासाठी सगळ्यात महत्त्वाचा तक्ता एच-६. परदेशी विद्यार्थ्यांपैकी किती जणांना मदत दिली आणि सरासरी किती डॉलर, ते तिथे असतं. काही ठिकाणी तो आकडा बघून लगेच यादीवर काट मारता येते. वर्षाचा एकूण खर्च ८५-९० हजार डॉलर आहे, म्हणजे ७०-७५ लाख. चार वर्षांचे गुणाकार करू नका, झोप उडेल.

अनघा_एडिसन | २४ सप्टेंबर, सायंकाळी ५:०५

चिकू, बरं झालं पैशांचा विषय काढलास. खरी मेख तिथेच आहे.

ताई, विद्यापीठं दोन प्रकारची. काही ठिकाणी प्रवेश ठरवताना 'ही किती मदत मागतेय' हे बघतच नाहीत, अगदी परदेशी मुलांच्या बाबतीतही. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, ॲमहर्स्ट, अशी मोजकीच. होकार दिला तर जेवढी गरज तेवढी मदतही देतात. बाकी बहुतेक ठिकाणी, स्टॅनफर्डसुद्धा त्यात आलं, परदेशी मुलीने मदत मागितली की तो मुद्दा निर्णयात धरला जातो. म्हणजे तीच मुलगी, तेच मार्क, पण स्वतः पैसे भरणार असेल तर एक चान्स, मदत हवी असेल तर दुसरा. मग कन्सल्टंटच्या ७८ मध्ये यातलं कुठलं धरलं होतं? त्यांनी तुमचं उत्पन्न तरी विचारलं का?

मंजिरी_बडोदे | २४ सप्टेंबर, रात्री ९:४०

नाही विचारलं! गाडी कुठली आहे ते विचारलं होतं.

कडू_कारलं | २४ सप्टेंबर, रात्री ९:४४

तेच उत्पन्न. :)

निवृत्त_मास्तर | २५ सप्टेंबर, दुपारी ४:००

मी सयाजीराव विद्यापीठाच्या सायन्स फॅकल्टीत शिकवायचो. दोन गोष्टी सांगतो. विषयाला धरून आहेत की नाहीत ते तुम्ही ठरवा.

वेंकटरामन रामकृष्णन, २००९ चे रसायनशास्त्राचे नोबेल. बडोद्यात वाढले, आईवडील दोघेही आमच्याच विद्यापीठात. मुलाने आयआयटीची परीक्षा दिली, वेल्लोरच्या मेडिकल कॉलेजची दिली, दोन्हीकडे जमलं नाही. बडोद्याच्या मेडिकलला मिळत होतं, ते सोडून त्यांनी इथेच फिजिक्समध्ये बीएससी केली, १९७१ साली. मग ओहायो. नावाजलेल्या विद्यापीठांच्या यादीत ओहायो युनिव्हर्सिटी कुणी पहिल्या पानावर लिहीत नाही.

दुसरी. १९१३ साली सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर बाबासाहेब आंबेडकर कोलंबियाला गेले. महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षांसाठी. कोलंबियाने घेतलं, शिकवलं. १९१७ मध्ये ते संस्थानच्या नोकरीसाठी बडोद्यात परतले तेव्हा या शहरात त्यांना राहायला खोली मिळाली नाही. पारशी धर्मशाळेत नाव लपवून राहावं लागलं, तिथूनही बाहेर काढलं. कमाटी बागेत त्याची आठवण म्हणून संकल्पभूमी आहे, लेकीला एकदा दाखवून आणा. कोणाला कुठे प्रवेश मिळतो याचा विचार करताना मला नेहमी हे दोन्ही एकदम आठवतं.

पागेवाला | २५ सप्टेंबर, सायंकाळी ७:१०

सर, रामकृष्णन हे अपवादातले अपवाद. आयआयटी न मिळालेले सगळे नोबेल घेऊन येत नाहीत. माझ्या माहितीतले बहुतेक मकरपुऱ्याला नोकरी करतात, मीही त्यातलाच.

निवृत्त_मास्तर | २५ सप्टेंबर, सायंकाळी ७:३५

अगदी बरोबर. पण आयआयटी मिळालेलेही सगळे आणत नाहीत.

मांडवीचा_महेश | २६ सप्टेंबर, सकाळी १०:००

विषयांतराबद्दल क्षमस्व, पण मकरपुऱ्याचं नाव निघालंच आहे तर तिकडे सेव उसळ चांगली कुठे मिळते? आमच्या इकडच्याने तर्री पातळ केलीय.

सुरसागर | २६ सप्टेंबर, सकाळी १०:०४

वेगळा धागा काढा. तिथे प्रवेश मिळण्याची शक्यता ७८%.

आकडेमोड | २६ सप्टेंबर, रात्री १०:२०

मंजिरीताई, पहिल्या पोस्टमध्ये तुम्ही मार्कांची आणि तबल्याची यादी दिलीत. पण अनघाताईंचा घड्याळवाला मुलगा वाचून विचारावंसं वाटलं: तुमची लेक घरी काय करते? कुणी सांगितलेलं नसताना?

मंजिरी_बडोदे | २७ सप्टेंबर, रात्री ११:३०

लिहू की नको असं झालं होतं, कारण आमच्या लेखी तो नुसता पसारा आहे.

आमची सोसायटी विश्वामित्रीपासून लांब नाही. ३१ जुलै २०१९ ला पाणी पार्किंगमध्ये आलं तेव्हा ती सातवीत होती. घाबरून रडायचं सोडून जिन्यावर खडू घेऊन बसली आणि पार्किंगच्या खांबावर दर अर्ध्या तासाने रेघ मारून शेजारी वेळ लिहीत गेली. खालच्या रेघा पाण्यात पुसल्या गेल्या, मग पेन्सिलने वहीत उतरवल्या. ती वही आता फुगून तिप्पट झालीय, पण फेकू देत नाही.

दहावीत असताना तिने त्या खांबाला आर्डुइनोचा (छोट्या प्रोग्रॅम करता येणाऱ्या सर्किट बोर्डाचा) एक सेन्सर लावला. आवाजाच्या लहरी खाली पाठवतो आणि पाणी किती अंतरावर आहे ते सांगतो. आजवा जलाशयाची पातळी आणि काळा घोडा पुलाखालचा नदीचा आकडा रोज पेपरातून उतरवायचा आणि आमच्या खांबाशी ताडून बघायचा, असा उद्योग. ऑगस्टमध्ये नदी २६ फुटांची धोक्याची खूण ओलांडून ३५ च्याही वर गेली, तेव्हा तिने पहाटे सोसायटीच्या ग्रुपवर लिहिलं, 'गाड्या चार तासांत काढा.' ६३ पैकी ४१ गाड्या निघाल्या. आमची राहिली, कारण बाबांचा विश्वास बसला नाही.

आणि पाण्यात तो सेन्सरही गेला. शेवटच्या दोन तासांचे आकडे त्याने साफ चुकीचे दिले होते. पाण्यावर तरंगणाऱ्या थर्माकोलवरून आवाज परत येत होता म्हणे. सध्या अभ्यास सोडून ते दुरुस्त करण्यातच वेळ घालवते, त्यावरून रोज भांडण.

अनघा_एडिसन | २८ सप्टेंबर, पहाटे ५:१०

ताई!!! आणि तुम्ही तबल्याच्या परीक्षा मोजत बसलात?

निबंधाचा विषय तिला विचारा, मी सुचवत नाही. पण सेन्सर चुकला, थर्माकोल वगैरे, हे गाळू नका. कन्सल्टंट सगळ्यात आधी तेच गाळायला लावेल.

पागेवाला | २८ सप्टेंबर, सकाळी ९:००

गाडी कुठली होती?

मंजिरी_बडोदे | २८ सप्टेंबर, सकाळी ९:२०

वॅगन-आर. विमा अजून मंजूर व्हायचाय.

पागेवाला | २८ सप्टेंबर, सकाळी ९:५०

माझी आधीची मतं कायम आहेत. पण पोरीला अर्ज भरू द्या. जेईईही द्यायला लावा. दोन्ही.

कडू_कारलं | २८ सप्टेंबर, सकाळी १०:१५

एक शंका. आता हा धागा वाचून पुढच्या वर्षी बडोद्यातली चारशे मुलं खांबांना सेन्सर लावतील. कन्सल्टंटकडे 'पूर पॅकेज' येईल.

चिकू_इन_बॉस्टन | २८ सप्टेंबर, सायंकाळी ६:३०

कारलंकाका, ते आधीच येऊन गेलंय. माझ्या वेळी एनजीओची साथ होती. प्रत्येकाच्या नावावर एक संस्था आणि तिची वेबसाइट. अर्ज वाचणारे वर्षानुवर्षं तोच प्रदेश वाचतात, त्यांना वास येतो.

ताई, कॉमन ॲपमध्ये एका उपक्रमाच्या वर्णनाला १५० अक्षरं मिळतात. शब्द नव्हे, अक्षरं. तेव्हा '४१ गाड्या' लिहा, 'समाजसेवा' लिहू नका. आणि शाळेतून पत्रं, नववीपासूनची गुणपत्रकं, अंदाजित मार्क हे आत्ताच मागून घ्या. आमच्या शाळेतल्या क्लार्कने मला विचारलं होतं, "कॉमन ॲप म्हणजे कुठलं ॲप? माझ्या फोनमध्ये दाखव." दिवाळीच्या सुट्टीत शिक्का कपाटात आणि कपाटाची किल्ली नडियादला, असं झालं होतं.

मंजिरी_बडोदे | ४ ऑक्टोबर, रात्री १०:१०

निर्णय झाला. कन्सल्टंटला नाही म्हटलं. यादी वीसवरून सातवर आली, एच-६ बघून आठ तर एका संध्याकाळीच कटली. जेईईचा क्लास चालू. टक्केवारी हा शब्द घरात बंद. सासूबाई मात्र पोळ्या लाटताना विचारतात, "त्या चाळणीचं काय झालं?"

रिकामटेकडा | १५ डिसेंबर, रात्री ८:००

धागा वर काढतोय. ताई, काय खबर?

मंजिरी_बडोदे | १५ डिसेंबर, रात्री १०:२५

निबंध अकराव्यांदा लिहून झाला. दहा मला दाखवले, अकरावा दाखवला नाही. तो पाठवलाय.

सुरसागर | ३० मार्च २०२५, सकाळी ९:१०

ताई, मार्च संपत आला. जवळजवळ सगळ्यांचेच निकाल लागले असतील ना? की विचारू नये?

मंजिरी_बडोदे | ३० मार्च, रात्री १०:४५

विचारा की. नावं लिहायची नाहीत असं लेकीने बजावलंय, म्हणून फक्त हिशोब देते.

सातांपैकी पाच नकार. एक प्रतीक्षा यादी. एक होकार, पण मदत एवढीच की आम्हाला वर्षाला ३८ लाख भरावे लागतील. म्हणजे आमच्यासाठी तोही नकारच.

निकाल सगळे पहाटेच येतात, अमेरिकेची संध्याकाळ ना. पहिल्या वेळी आम्ही चौघं जागे होतो, केसांतला धुळवडीचा रंगही गेला नव्हता. तिने वाचलं, लॅपटॉप बंद केला, डब्यातले मुरमुरे खाल्ले आणि झोपली. दुसऱ्यापासून आम्हाला उठवलंच नाही, सकाळी चहाच्या वेळी सांगायची. नवरा, जो या सगळ्याच्या विरुद्ध होता, तो पाचव्या नकाराला मला म्हणाला, "यांना काही कळत नाही."

अनघा_एडिसन | ३१ मार्च, पहाटे ४:५०

ताई, मी वहीत तिच्या नावापुढे टिंब काढलं होतं. मुलाखत घेतली नव्हती तरी. माझ्या टिंबांचं काय होतं ते तुम्हाला माहीतच आहे. वाईट वाटलं.

आकडेमोड | ३१ मार्च, सकाळी ७:३०

एक होकार आणि एक प्रतीक्षा यादी म्हणजे चाळणीवर होती. हे बरं वाटावं म्हणून म्हणत नाही, आकडे तेच सांगतात. पाठवलेलं सगळं जपून ठेवा, पुढे पदव्युत्तरच्या वेळी उपयोगी पडेल. तिथे प्राध्यापक निवडतात आणि फिजिक्सच्या पीएचडीला बहुधा पैसे विद्यापीठच देतं.

निवृत्त_मास्तर | ३१ मार्च, सकाळी ११:००

तिला म्हणावं, एकदा सायन्स फॅकल्टीत येऊन भेट. लॅबमधली दोन माणसं ओळखीची आहेत. थर्माकोलच्या भानगडीवर त्यांच्याकडे काहीतरी उपाय असेल.

पागेवाला | ३१ मार्च, दुपारी १:१५

जेईई मेन जानेवारीचा पर्सेंटाइल?

मंजिरी_बडोदे | ३१ मार्च, रात्री ९:००

९९.१. एप्रिलचीही देतेय. ॲडव्हान्स्ड १८ मेला आहे. मास्तर, ती शनिवारी येईल, मी सोडायला येते.

नवा_पालक_२५ | २ एप्रिल, रात्री ११:२०

नमस्कार, धागा पूर्ण वाचला नाही. मुलगा अकरावीत, एसएटी १४८०, बुद्धिबळ खेळतो. हार्वर्डचा चान्स किती टक्के असेल?

मंजिरी_बडोदे | २ एप्रिल, रात्री ११:३५

आधी एच-६ बघा. मग गाडी वरच्या मजल्यावर लावून ठेवा, जून जवळ आलाय.